दूरचे न ऐकणारा माइक : शुअर एसएम५८ आणि कापसाची खोली

मी ज्या खोलीत माझी गाणी रेकॉर्ड करते, त्या खोलीत दिवाळीपासून होळीपर्यंत घरचा कापूस साठवलेला असतो. खोली दहा बाय बाराची, भिंती मातीच्या, वर कवेलू. कापसाचा ढीग तिच्यातली बहुतेक जागा व्यापून आड्यापर्यंत पोहोचतो, आणि दाराजवळ जी चार-पाच फूट जागा उरते तिच्यात एक स्टँड, एक स्टूल, जुना लॅपटॉप आणि शुअर कंपनीचा एसएम५८ हा माइक एवढाच माझा स्टुडिओ आहे. हा माइक मी चार वर्षांपासून वापरते आहे. त्याच्यावर मी स्वतः लिहिलेली आणि स्वतः चाल दिलेली अकरा गाणी रेकॉर्ड केली, आणि तोच माइक पिशवीत घालून यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी, दारव्हा, दिग्रस या भागातल्या गावांत दुर्गोत्सवात, १४ एप्रिलच्या जयंतीत आणि बचत गटांच्या मेळाव्यांत गायले. एखाद्या वस्तूविषयी मत देण्यासाठी एवढा सहवास पुरेसा असावा.

एसएम५८ ही काही नवी वस्तू नव्हे. तो १९६६ साली बाजारात आला आणि त्याचे रूप आजही जवळपास तेच आहे : वर पोलादी जाळीचा गोळा, खाली निमुळती धातूची मूठ, तळाशी तीन पिनांची जोडणी. नावातील ‘एसएम’ ही अक्षरे ‘स्टुडिओ मायक्रोफोन’ या शब्दांसाठी आहेत, परंतु जगाने तो उचलला तो स्टेजसाठी. आपल्याकडच्या साउंडवाल्याच्या पेटीत जो गोल जाळीचा माइक असतो, तो बहुधा याच्याच रूपाची नक्कल असतो. त्यामुळे नाव ठाऊक नसले तरी हा माइक आपण सर्वांनी लहानपणापासून पाहिलेला आहे. मी त्याला नावाप्रमाणे पुन्हा खोलीत नेले, आणि त्या खोलीत तो का चालला हेच मला मुख्यतः सांगायचे आहे.

त्याआधी स्वतःचा माइक घेण्याची पाळी का आली, हे सांगावे लागेल. माझे पहिले गाणे मी जिल्ह्याच्या ठिकाणी एका स्टुडिओत गायले. पहाटेची एसटी, दोन तासांचा प्रवास, धुळीने कोरडा पडलेला गळा, आणि आत शिरताच मालकाचा पहिला प्रश्न, ‘ताई, सोबत कोण आहे?’ दुसरा प्रश्न होता, ‘गाणे कोणाचे?’ माझेच आहे, असे सांगितल्यावर त्यांनी समजूतदारपणे विचारले, ‘ते झाले, पण चाल कोणाची?’ गाणे झाल्यावर त्यांनी तासांचे भाडे घेतले नाही. गाणे आमच्या चॅनेलवर टाकू, तुमचेही नाव होईल, असे म्हणाले. मला तो त्या वेळी मनाचा मोठेपणा वाटला. पुढे कळले की आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार, म्हणजे १९५७ च्या अधिनियमानुसार, ध्वनिमुद्रणाचा कर्ता हा त्याचा निर्माता असतो, आणि निर्माता म्हणजे ते ध्वनिमुद्रण करण्यात ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली ती व्यक्ती. शब्द आणि चाल माझी राहिली, पण त्या दिवशी झालेले रेकॉर्डिंग कोणाचे, या प्रश्नावर मी बोट ठेवू शकेन असा एकही कागद माझ्याजवळ नव्हता. भाडे दिले असते आणि त्याची पावती घेतली असती, तर ते स्वस्तात पडले असते. ते गाणे आजही मी माझ्या नावाने कुठे टाकू शकत नाही.

म्हणून मी घरीच रेकॉर्ड करायचे ठरवले, आणि पहिली चूक केली. घरी गाणे रेकॉर्ड करायचे तर कंडेन्सर, म्हणजे बारीकसारीक आवाजही टिपणारा माइकच हवा, असे सगळीकडे सांगितले जाते, म्हणून मी एक स्वस्तातला कंडेन्सर मागवला. त्याचे नाव इथे देत नाही, कारण त्याने त्याचे काम चोख केले. त्याला मी चुकीच्या घरात आणले होते. पहिल्या रात्री मी एक अंगाई गायले आणि हेडफोन लावून ऐकू लागले, तेव्हा माझ्या आवाजाच्या मागे गोठ्यातल्या गाईच्या गळ्यातली घंटा, कवेलूंवरून पळणारा उंदीर, शेजारच्या घरातल्या टीव्हीवरची मालिका, रातकिडे आणि दूर कुठेतरी चालू असलेला थ्रेशर, हे सगळे एकेक करून ओळखता येत होते. उन्हाळ्यात त्यात कुलरची भर पडली. पारा ४५ अंशांवर असताना कुलर बंद करून दार लावून गाणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच कळेल. मी एका कडव्यापलीकडे टिकले नाही. शहरातील स्टुडिओला जाड भिंती, काच आणि एसी असतो, तिथे अशा कानाच्या तिखट माइकचे कौतुक योग्यच आहे. आमच्या गावात मला थोडा बहिरा माइक हवा होता.

हा ‘बहिरा’ शब्द माझ्या सासूबाईंचा. एसएम५८ घरी आल्यावर त्या दोन हातांवर खाटेवर बसून माझ्याशी बोलत होत्या आणि रेकॉर्डिंग चालू होते. नंतर त्यांना स्वतःचा आवाज ऐकायचा होता, म्हणून मी हेडफोन त्यांच्या कानाला लावला, तर माझे गुणगुणणे स्पष्ट आणि त्यांचे बोलणे भिंतीपलीकडून यावे तसे. हेडफोन काढून त्या म्हणाल्या, ‘हा माइक बहिरा हाये का वं? मी एवढी बोंबलून राह्यली, याले काही ऐकूच नाही आलं.’

तांत्रिकदृष्ट्या पाहिले तर या बहिरेपणात जादू काही नाही, आणि ती असल्यासारखे लिहिणे मला पटत नाही. एसएम५८ हा डायनॅमिक जातीचा माइक आहे. त्याच्या आत एका पातळ पडद्याला चिकटलेले तारेचे बारीक वेटोळे चुंबकाच्या क्षेत्रात हलते आणि त्यातून वीज निर्माण होते. ही वीज फार थोडी असते, त्याची संवेदनक्षमता आवाजाच्या एका पास्कल दाबाला सुमारे १.८८ मिलिव्होल्ट इतकी आहे, आणि कंडेन्सर सर्वसाधारणपणे याच्या कितीतरी पट सिग्नल देतो. त्यामुळे या माइकच्या अगदी जवळ जाऊन गावे लागते, आणि खरा फरक त्या जवळिकीने पडतो. तोंड आणि माइक यांतील अंतर निम्मे केले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने वाढते. कंडेन्सरपुढे मी एक वीत अंतरावर उभी राहत होते. इथे दोन बोटांवर राहते. म्हणजे अंतर दोनदा-अडीचदा निम्मे झाले, माझा आवाज १५ डेसिबलच्या आसपास चढला, आणि गाईची घंटा मात्र जिथे होती तिथेच राहिली. त्याशिवाय या माइकचा ग्रहणाचा आकार कार्डिऑइड आहे, म्हणजे तो समोरचे सर्वांत जास्त आणि पाठीमागचे सर्वांत कमी ऐकतो. मी माइकची शेपटी गोठ्याकडे आणि माझी पाठ कापसाकडे करते. हे एवढे समजून घेतले तर कोणत्याही चांगल्या डायनॅमिक माइककडून असेच काम करून घेता येईल, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवे.

आता कापसाविषयी. मोकळ्या खोलीत गायले की आवाज भिंतींवर आपटून परत येतो, आणि माइक कितीही जवळ असला तरी तो थोडा पकडला जातोच. याच्यासाठी शहरात भिंतींना फोम लावतात. फोमच्या पातळ पट्ट्या वरच्या स्वरांचा उजाळा शोषतात, पण खालच्या स्वरांची घुमघुम तशीच राहते, कारण लांब लहरी शोषण्यासाठी जाडी लागते. माझ्या पाठीमागे सात-आठ फूट जाडीचा कापूस असतो! त्या खोलीत टाळी वाजवली तर ती हातातच विझते. पहिल्यांदा तिथे गायले तेव्हा मला माझाच आवाज परका वाटला, कारण स्वर थोडा जरी हलला तर तो लपवायला कुठलाच घुमारा नव्हता. तीन दिवस मी नुसता षड्ज लावत बसले होते. कापसाचा त्रासही आहे. मार्चच्या सुमारास ऊन वाढले की त्यात बसणाऱ्याच्या अंगाला खाज सुटते, बारीक तंतू घशात जातात, आणि रेकॉर्डिंगच्या मधेच ठसका लागतो. शिवाय हा स्टुडिओ माझा नसून बाजारभावाचा आहे. भाव चढेल म्हणून मामंजी जितके दिवस थांबतील, तितके दिवस माझी खोली शांत राहते. ज्या दिवशी गाडी भरली जाते, त्या संध्याकाळी खोली भांड्यासारखी वाजू लागते. गावात भावाची वाट सगळेच पाहतात. तो जरा उशिरा चढावा, असे वाटणारी घरात मी एकटीच असेन, आणि हे मी मामंजींना अद्याप सांगितलेले नाही.

रेकॉर्डिंगची वेळही अशीच दुसऱ्याच्या वेळापत्रकावर ठरते. ज्या आठवड्यात शेतीची लाइन रात्री असते, त्या आठवड्यात घरातले पुरुष ओलितासाठी वावरात जातात, मुलगी झोपलेली असते, आणि रात्री अकरा ते दोन हा वेळ माझा असतो. गावातली लाइट मधेच गेली तरी काम थांबत नाही, कारण डायनॅमिक माइकला स्वतःला वीज लागत नाही आणि माइक लॅपटॉपला जोडणारा माझा दोन चॅनेलचा छोटा इंटरफेस लॅपटॉपच्याच बॅटरीवर चालतो. कंडेन्सरला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा, म्हणजे केबलमधूनच वीज, द्यावी लागत असे आणि त्यात बॅटरी लवकर बसत असे. हा फरक शहरातील परीक्षणात कोणी लिहिणार नाही, पण आमच्याकडे एक गाणे पूर्ण होते की अर्धे राहते, हे त्याच्यावर ठरते.

विकत घेताना मात्र डोळे उघडे ठेवावेत. या माइकच्या नकला बाजारात भरपूर आहेत, आणि खोक्यापासून पाऊचपर्यंत सगळे हुबेहूब असते. मी घेतला तेव्हा खरा माइक दहा हजार रुपयांच्या आसपास पडला. त्याच्या निम्म्याहून कमी किमतीत ‘ओरिजिनल’ मिळत असल्यास तो घेऊ नये. अधिकृत विक्रेत्याकडून बिलासह घेणे हा एक उपाय, आणि दुसरा उपाय म्हणजे वजन. खऱ्या एसएम५८ चे वजन केबलशिवाय २९८ ग्रॅम असते. मी पार्सल घेऊन सरळ गावातल्या किराणा दुकानात गेले आणि शेंगदाण्याच्या पोत्याशेजारच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर माइक ठेवला. काट्याने ३०० दाखवले. तो काटा पाच-पाच ग्रॅमच्या टप्प्याने मोजतो, हे दुकानदाराने माझा चेहरा पाहून आपण होऊन सांगितले. वजन जुळले म्हणून माइक खराच असेल असे नाही, पण वजन फारच कमी भरले तर शंका घ्यायला जागा आहे.

खोक्यात माइक, स्टँडला लावायची क्लिप, आट्यांचा छोटा जोड आणि पाऊच येतो. केबल येत नाही. केबल वेगळी घ्यावी आणि चांगली घ्यावी. बटण असलेला आणि बटण नसलेला असे दोन प्रकार मिळतात. मी बटण नसलेला घेतला, आणि स्टेजवर गाणाऱ्या बाईने तोच घ्यावा असे माझे मत आहे, कारण सूत्रसंचालक, पाहुणे आणि उत्साही कार्यकर्ते यांच्या हातातून फिरून आलेल्या माइकचे बटण कोणत्या स्थितीत आहे, हे पहिली ओळ गाऊन झाल्यावर कळते.

आता स्टेज. स्वतःचा माइक नेण्याचे पहिले कारण सांगायला थोडा संकोच वाटतो, पण ते खरे आहे. साउंडवाल्याचा माइक हा गावाचा सार्वजनिक पेला असतो. तो सकाळी भजनी मंडळात, दुपारी भाषणांत आणि संध्याकाळी लिलावात फिरलेला असतो, आणि त्याच्या जाळीला खर्ऱ्याचा, म्हणजे तंबाखू-सुपारीचा, असा वास असतो की श्वास भरून षड्ज लावताना पोटात ढवळून येते. एसएम५८ ची जाळी हाताने फिरवून निघते, तिच्या आतला स्पंज साबणाच्या पाण्यात धुता येतो आणि पूर्ण वाळल्यावर परत बसवता येतो. जाळी फारच चेपली तर नवी विकत मिळते. माझी एकदा स्टेजच्या फळ्यांवरून खाली मुरमात पडून एका बाजूने चेपली. आतला भाग शाबूत राहिला आणि पुढचे गाणे मी त्याच माइकवर गायले. जाळी अजून बदललेली नाही, कारण त्या खळग्यामुळे अंधारातही माझा माइक मला हाताला ओळखू येतो.

दुसरे कारण आवाजाचे आहे. आमच्या भागातील साउंडवाले मनाने चांगले असतात, पण बाई गायला उभी राहिली की त्यांचा हात आपोआप ट्रेबलच्या बटणाकडे जातो. मी एकाला विचारले, तर ते म्हणाले, ‘ताई, लेडीज आवाजाले ट्रेबल वाढवाच लागते, नाही तं मागं ऐकू नाही जात.’ एसएम५८ ला मुळातच वरच्या मध्यम पट्ट्यात, साधारण ४ ते ६ हजार हर्ट्‌झच्या भागात, उठाव दिलेला आहे, म्हणजे शब्द स्पष्ट कळावेत याची सोय त्यात आधीच केलेली आहे. त्यावर आणखी ट्रेबल चढवला की ‘स’ आणि ‘श’ कानात सुईसारखे टोचतात आणि भोंगे शिट्टी मारू लागतात. खरी गरज उलट टोकाला असते. तोंड माइकला लागेपर्यंत जवळ गेले की खालचे स्वर फुगतात, आवाज जाड आणि गढूळ होतो. हा बहुतेक सर्व कार्डिऑइड माइकचा स्वभाव आहे. माझा सा काळी चारचा, म्हणजे सुमारे २०८ हर्ट्‌झचा, आणि खाली मंद्र पंचमापर्यंत गेले तरी १५६ च्या आसपास. म्हणून १०० हर्ट्‌झच्या खालचे सगळे कापले तरी माझ्या गाण्यातले काहीच जात नाही, जाते ती फक्त स्टेजच्या फळ्यांची धडधड आणि वाऱ्याची घरघर. आता मी कार्यक्रमाआधी साउंडवाल्या दादांना एवढेच सांगते की ट्रेबल मधे ठेवा आणि १०० च्या खालचे कापा. अनेकांच्या मिक्सरवर त्याचे बटण प्रत्येक चॅनेलला असते आणि ते कधीच दाबलेले नसते. पहिल्या वेळी ते माझ्याकडे पाहतात; दुसऱ्या गाण्यानंतर बहुतेक जण स्वतःच मान हलवतात.

मॉनिटर म्हणजे आपल्याला आपला आवाज ऐकू यावा म्हणून ठेवलेला स्पीकर. तो मिळालाच तर बरोबर माइकच्या पाठीमागे, म्हणजे गाणाऱ्याच्या समोर ठेवून घ्यावा, कारण या माइकला तिकडचे सर्वांत कमी ऐकू येते. आणि जाळीचा गोळा मुठीत धरू नये. भजनात तसे धरण्याची सवय पुष्कळांना आहे, पण मूठ आवळली की मागचे छेद बंद होतात, माइक सगळ्या बाजूंचे ऐकू लागतो आणि शिट्टी सुरू होते. केबलचे दुखणे वेगळे आहे. तीन पिनांची केबल बॅलन्स्ड असते, म्हणजे वाटेत शिरलेली विजेची घरघर ती पुष्कळ अंशी रद्द करते. आमच्याकडे बरेच जण एक टोक कापून तिथे मोठी मोनो पिन लावतात, आणि मग आपल्या ५० हर्ट्‌झच्या विजेचा गुंजारव सगळ्या कार्यक्रमभर तंबोऱ्यासारखा साथ करतो. गावात असे दोनदा झाल्यावर मी माझी दहा मीटरची केबलही सोबत नेऊ लागले.

बांगड्यांविषयी लिहायला हवे, कारण ते कुठल्याच पुस्तिकेत नसते. या माइकच्या आत हवेचा धक्काशोषक बसवलेला आहे, त्यामुळे हातात धरण्याची खरखर बरीच कमी जाते. पण बांगड्यांची किणकिण हवेतून येते, आणि ती जाळीपासून पाच बोटांवर असते. लग्नानंतरच्या पहिल्या कार्यक्रमात माझ्या दोन्ही हातांत भरभरून चुडा होता, आणि प्रत्येक हरकतीबरोबर तो वाजत होता. बांगड्या काढून गाणे हा घरात न सुचवलेलाच बरा असा पर्याय. स्टेजवर आता मी माइक स्टँडवर लावते आणि हात मोकळे ठेवते. खोलीत गाताना बांगड्या कोपराकडे सरकवून वर रुमाल बांधते. एका गाण्यात मी हा रुमाल विसरले आणि शेवटच्या ओळीआधी एकदाच किणकिण आली. ती मी ठेवली आहे. ऐकणाऱ्यांपैकी दोघींनी ती कोणत्या वाद्याची, असे विचारले.

आता हा माइक कुठे कमी पडतो ते. त्याची नोंदलेली मर्यादा ५० ते १५,००० हर्ट्‌झ अशी आहे, म्हणजे माणसाच्या कानाला ऐकू येणाऱ्या वरच्या टोकाचा एक तुकडा त्यात नाही. अगदी हळू, श्वासासह गायलेल्या ओळीत जी हवा असते, ती इथे येत नाही. दोन्ही माइकवर तीच अंगाई ऐकली तर कंडेन्सरवरची अधिक जिवंत वाटते, रातकिड्यांसकट. मुळात सिग्नल कमी असल्यामुळे हळू गायचे असेल तर इंटरफेसचा गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याचे बटण, जवळजवळ टोकाला न्यावा लागतो, आणि स्वस्त इंटरफेस तिथे सुसाट्यासारखा आवाज करतो. यासाठी मधे लावायचा बूस्टर मिळतो, पण त्याची किंमत ऐकून मी माझ्या ओळी थोड्या मोकळ्या गळ्याने गायला शिकले.

जो गुण एकटीसाठी आहे, तोच समूहासाठी दोष ठरतो. भुलाबाईच्या गाण्यांची लय घेऊन मी एक गाणे बांधले होते, आणि त्याला सात मुलींचा कोरस हवा होता. मुलींना आधी हसूच आवरत नव्हते, कारण भुलाबाई भाद्रपदाच्या पौर्णिमेला बसते आणि कोजागरीला जाते, आणि मी त्यांना जानेवारीत, कापसाच्या ढिगासमोर उभे केले होते. अर्धवर्तुळात उभ्या राहून त्या गायल्या, तर माइकने मधल्या दोघी ऐकल्या, कडेच्या दोघी जेमतेम, आणि टोकाची मुलगी, जिचा आवाज सर्वांत चांगला होता, ती गाण्यात नाहीच. शेवटी दोघी-दोघींना जवळ घेऊन तीन वेळा वेगवेगळे गाऊन घेतले आणि टोकाच्या मुलीला एकटीला चौथ्यांदा. खिरापत म्हणून कबूल केलेली जिलेबी मात्र सातही जणींना एकाच वेळी द्यावी लागली. खंजिरी, ढोलकी, पेटी यांच्यासह पूर्ण मंडळ एका वेळी रेकॉर्ड करायचे असेल, तर या एका माइकवर भिस्त ठेवू नये.

तरी ज्या बाईला गावातल्या घरात एकटीने, रात्री, चार आवाजांच्या मधे बसून गायचे आहे आणि दुसऱ्या दिवशी तोच माइक घेऊन स्टेजवर जायचे आहे, तिला एवढ्या पैशांत मी दुसरे काही सुचवणार नाही. लॅपटॉप जुना चालेल, इंटरफेस साधा चालेल. पहिले पैसे माइक आणि केबल यांत घालावेत. गाणे झाल्यावर त्या तारखेसह मूळ फाइल दोन ठिकाणी जपून ठेवावी. रेकॉर्डिंगचा दर्जा ४८ किलोहर्ट्‌झ आणि २४ बिट ठेवला तर एका आवाजाची चार मिनिटांची फाइल साधारण ३५ एमबीची होते, एवढी जागा साध्या पेनड्राइव्हवरही असते. त्या स्टुडिओतल्या पहिल्या गाण्याची तशी फाइल माझ्याकडे असती, तर काय झाले असते, हा विचार मी सोडून दिलेला आहे. तेच गाणे मी यंदा या माइकवर पुन्हा गायले.

यंदाचा कापूस फेब्रुवारीतच विकला गेला, त्यामुळे ठरवलेल्या पाचपैकी तीनच गाणी झाली. मोकळ्या खोलीत दोरी बांधून घरातल्या सगळ्या गोधड्या टांगून पाहिल्या. टाळीचा पडसाद गेला, पण मंद्र सप्तकातली घुमघुम दाराच्या कोपऱ्यात बसूनच राहिली, आणि सासूबाईंना रात्री पांघरायला गोधडी हवी होती. उरलेली दोन गाणी आता सीतादही, म्हणजे कापूस वेचणीच्या सुरुवातीची पूजा, करून पहिली वेचणी घरात आल्यावर गाईन.